सत्तावन्न लाख ताटांचा हिशेब

१७८ फिरती उपाहारगृहं, ११ मोठी स्वयंपाकघरं, ५७ लाख गरम जेवणं आणि त्याशिवाय सँडविच, फराळ, पेयं मिळून ८३ लाख नग. २९ ऑगस्ट २००५ रोजी कतरिना चक्रीवादळ अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावर धडकलं, त्यानंतर साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संस्थेने केलेल्या कामाची ही नोंद. आपल्याकडे अहमदनगर (आता अहिल्यानगर), पुणे, मुंबईकडचे जुने लोक तिला मुक्तिफौज म्हणतात. त्याच वादळात सदर्न बॅप्टिस्ट चर्चच्या मदत पथकांनी आपला आकडा सांगितला १ कोटी ४६ लाख जेवणं आणि सुमारे २१,००० स्वयंसेवक. अमेरिकन रेडक्रॉसने सांगितला ६ कोटी ८० लाख जेवणं आणि फराळ.

तिन्ही आकडे खरे असले तरी त्यांची बेरीज खोटी निघते. बॅप्टिस्ट पथकं आणि रेडक्रॉस यांच्यात कामाची जुनी वाटणी आहे. मैदानात शेगड्या लावून रांधायचं काम बॅप्टिस्ट स्वयंसेवकांचं आणि ते अन्न गाड्यांत भरून वस्त्यांत नेऊन वाढायचं काम रेडक्रॉसचं. रांधणारा एक ताट मोजतो, वाढणारा तेच ताट पुन्हा मोजतो. यात लबाडी कुणाचीच नाही, दोघांनीही आपापलं काम मोजलंय. पण बातमीत हे आकडे शेजारीशेजारी छापले की वाचणाऱ्याला वाटतं, पावणेनऊ कोटींहून जास्त जेवणं गेली.

मुक्तिफौजेचा आकडा जरा उलगडून बघू. तिच्या एका फिरत्या गाडीतून दिवसाला साधारण १,५०० जेवणं देता येतात, असं संस्थाच सांगते. १७८ गाड्या रोज पूर्ण ताकदीने चालल्या तर दिवसाला २ लाख ६७ हजार जेवणं. या हिशेबाने ५७ लाखांचा टप्पा एकवीस-बावीस दिवसांत पार व्हायला हवा. काम मात्र कित्येक महिने चाललं. म्हणजे सगळ्या गाड्या सगळे दिवस भरून चालल्या नाहीत, आणि चालायलाही नको होत्या. वीज आली, दुकानं उघडली, घरातली चूल पेटली की रांग आपोआप ओसरते. ताटांचा आकडा पहिल्या काही आठवड्यांत झपाट्याने चढतो आणि मग बसतो. छायाचित्रकार असतात तेही याच आठवड्यांत. त्यामुळे मदतकार्यातला सर्वांत मोठा दिसणारा हा आकडा मला सर्वांत कमी सांगणारा वाटतो.

याच नोंदीत आणखी एक आकडा आहे, १७ लाख लोकांना मदत. त्यात घर गेलेलं कुटुंब किती आणि पाण्याची बाटली घेऊन पुढे गेलेला माणूस किती, हे एका संख्येतून कळत नाही. मृतांचीही तीच गत. कतरिनाचे बळी १,८३३ असं वर्षानुवर्षं लिहिलं गेलं. २०२३ मध्ये तिथल्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राने फेरतपासणी करून ही संख्या १,३९२ वर आणली. मेलेल्यांची मोजणी अठरा वर्षांनी बदलत असेल, तर जेवलेल्यांची मोजणी किती ताणायची?

माझ्या दृष्टीने मुक्तिफौजेच्या नोंदीतला खरा बोलका आकडा २५,०००चा आहे. टेलिफोन मुके झालेले असताना मुक्तिफौजेच्या हॅम रेडिओ जाळ्याने पंचवीस हजारांहून अधिक लोकांचा ठावठिकाणा त्यांच्या नातेवाइकांपर्यंत पोचवला. हे जाळं १९८८ साली उभारलेलं होतं. हौशी रेडिओवाले शोधणं, त्यांना संदेश लिहून घ्यायची शिस्त लावणं, कुठल्या कंप्रतेवर कोण बसणार हे ठरवणं, ही सगळी कामं कतरिनाच्या सतरा वर्षं आधी सुरू झाली होती. वादळाच्या दिवशी फक्त बटण दाबायचं राहिलं होतं.

‘संस्थेने शेकडो कर्मचारी आणि स्वयंसेवक मैदानात उतरवले’ असं वाक्य वाचताना म्हणूनच विचारावंसं वाटतं, की हे लोक आदल्या दिवशी कुठे होते?

मुक्तिफौजेपुरतं उत्तर आपल्या मुंबईतून सुरू होतं. फ्रेडरिक टकर हा पंजाबात नेमणुकीला असलेला सनदी अधिकारी. विलायतेहून आलेला संस्थेचा अंक वाचून त्याने नोकरीवर पाणी सोडलं आणि १९ सप्टेंबर १८८२ रोजी मोजक्या साथीदारांसह तो मुंबईच्या बंदरात उतरला. संस्थेचं भारतातलं काम त्या दिवसापासून धरतात. त्याने फकीरसिंग हे नाव घेतलं, देशी कपडे घातले आणि रस्त्यावर वाजतगाजत मिरवणुका काढल्याबद्दल अटकही ओढवून घेतली. पुढे संस्थापक बूथ यांच्या मुलीशी, एमाशी, लग्न झाल्यावर तो बूथ-टकर झाला. १८९६ ते १९०३ या काळात अमेरिकेतल्या मुक्तिफौजेची सूत्रं या दांपत्याकडे होती. नगरचं बूथ हॉस्पिटल ज्यांना माहीत आहे त्यांना हे आडनाव परकं वाटणार नाही.

आणि त्याच काळात, ८ सप्टेंबर १९०० रोजी, टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टन बेटावर चक्रीवादळ आदळलं. शहराची वस्ती ३७,०००च्या आसपास, मृतांचा अंदाज ६,००० ते १२,०००. बहुतेक ठिकाणी ८,००० ही संख्या दिली जाते. दर चार-पाच माणसांमागे एक गेला. बूथ-टकरने देशभरातल्या आपल्या अधिकाऱ्यांना गॅल्व्हेस्टनकडे पाठवलं. अमेरिकेत एवढ्या मोठ्या नैसर्गिक आपत्तीत संस्था संघटितपणे उतरली ती पहिल्यांदा, असं संस्थेचा इतिहास सांगतो. पाठवता आलं, कारण माणसं आधीच पगारावर, गणवेशात आणि गावोगावच्या ठाण्यांवर होती. फौजेचा साचा थोडा विचित्र वाटतो, कर्नल-कॅप्टनच्या हुद्द्यांवर हसूही येतं, पण बदलीचा हुकूम निघाला की माणूस निघतो ही सोय त्या साच्यातच आहे.

बाकीच्या चर्चसंस्थांची ताकद वेगळ्या जागी असते. प्रत्येक गावात सभागृह, सभागृहाला लागून स्वयंपाकघर, दर रविवारी भेटणारी तीच माणसं आणि कोण कुठे राहतो याची यादी. बॅप्टिस्टांची मदत पथकं १९६७ साली टेक्सासमधल्या ब्यूला वादळात छोट्या शेगड्यांवर सुरू झाली. आज त्यांच्याकडे पिवळ्या टोप्या घातलेले प्रशिक्षित लोक आहेत. त्यांत रांधणारे वेगळे, पडलेली झाडं यांत्रिक करवतीने कापणारे वेगळे आणि पुराचा गाळ घरातून उपसणारे वेगळे. मेनोनाइट पंथीयांची पुनर्बांधणी करणारी संस्था १९५०ची. १९६९च्या कॅमिल वादळात सगळे एकाच वेळी धावले, एका गावात मदतीची गर्दी आणि शेजारच्या गावात कुणीच नाही असा प्रकार झाला, तेव्हा १९७० साली या संस्थांनी समन्वयासाठी एक राष्ट्रीय मंच काढला. सुरुवातीला त्यात सातच संस्था होत्या.

या व्यवस्थेत एक बारकावा आहे, तो आपल्याकडे फारसा माहीत नसतो. अमेरिकेत स्वयंसेवकाला कामावर येताना आणि जाताना वहीत सही करावी लागते. त्याच्या सहीला पैशाची किंमत आहे. आपत्तीनंतरच्या सार्वजनिक कामांचा किमान ७५ टक्के खर्च केंद्रीय संस्था फेमा उचलते, उरलेला वाटा राज्याने किंवा स्थानिक संस्थेने घालायचा. तो घालताना स्वयंसेवकांनी फुकट दिलेले तास त्या भागातल्या मजुरीच्या दराने हिशेबात धरता येतात. तिथल्या एका प्रातिनिधिक संस्थेने २०२३ सालासाठी स्वयंसेवेच्या तासाची सरासरी किंमत ३३.४९ डॉलर काढली होती. दोनशे माणसं रोज आठ तास दहा दिवस राबली तर १६,००० तास होतात, म्हणजे या दराने ५ लाख ३५ हजार डॉलरांहून जास्त. गरीब नगरपालिकेला ही रक्कम तिजोरीतून काढावी लागत नाही. सही न करता गेलेल्या भल्या माणसाचे कष्ट मात्र हिशेबात शून्य.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशात ताशी २६० किलोमीटर वेगाने महाचक्रीवादळ आलं. अधिकृत मृत्यू ९,८८७. त्यातले ८,११९ एकट्या जगतसिंगपूर जिल्ह्यातले. समुद्र आत शिरला तेव्हा उभं राहायला उंच, पक्की जागा नव्हती. जी होती ती २३ निवाऱ्यांची. भारतीय रेडक्रॉसने जर्मन रेडक्रॉसच्या मदतीने बांधलेल्या, खांबांवर उभ्या इमारतींची. त्यांत शिरलेली हजारो माणसं वाचली. त्याआधी १९७७च्या नोव्हेंबरात आंध्रच्या दिविसीमेत दहा हजारांच्या आसपास माणसं गेली होती, आणि त्यानंतर त्या किनाऱ्यावर निवारे बांधणाऱ्यांमध्ये ‘कासा’ ही प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चांची मदतसंस्था होती. कासाचा जन्म १९४७चा, फाळणीच्या निर्वासितांसाठी. कॅथलिक चर्चची कॅरितास इंडिया १९६२ची. या संस्थांच्या अहवालांत ताटांचे आकडे असतातच, पण सिमेंट आणि सळईचे आकडे वाचायला जास्त मोलाचे.

ओडिशा सरकारने १९९९च्या डिसेंबरातच आपत्ती व्यवस्थापनासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केलं. भारतात अशी व्यवस्था करणारं ते पहिलं राज्य. देशाचा आपत्ती व्यवस्थापन कायदा त्यानंतर सहा वर्षांनी, २००५ मध्ये आला. २०१३च्या ऑक्टोबरात फायलिन आलं तेव्हा ओडिशातले मृत्यू पन्नाशीच्या आत राहिले. ३ मे २०१९ रोजी फोनी पुरीजवळ आलं, तेव्हा ६४. फोनीच्या आधीच्या ४८ तासांत सुमारे १२ लाख माणसं हलवली गेली. सुमारे ९,००० आसरे, ७,००० स्वयंपाकघरं, ४५,००० स्वयंसेवक.

या आकड्यांना भागून बघितलं की चित्र उमटतं. एका आसऱ्यात सरासरी १३३ माणसं. एका चुलीवर १७१. आणि एका स्वयंसेवकामागे २७ माणसं, म्हणजे पाच-सहा घरं. पाच-सहा घरांतली म्हातारी कुठली, गरोदर सून कुठली, गाय सोडून यायला कोण तयार होत नाही, हे गावातल्याच माणसाला ठाऊक असतं. बाहेरून आलेल्याला, मग तो कितीही तळमळीचा असो, पहिला दिवस पत्ता विचारण्यातच जातो. मदतकार्यात जगभर मानली जाणारी ‘स्फिअर’ मानकं माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, साडेतीन चौरस मीटर छप्पर आणि २,१०० उष्मांक सांगतात. १२ लाख माणसांचं पाणीच १ कोटी ८० लाख लिटर झालं, १०,००० लिटरचे १,८०० टँकर, रोज. एवढं काही दिल्ली-मुंबईहून धाडून होत नाही. ते आधी तिथे असावं लागतं.

ओडिशाचा गौरव करताना एक गोष्ट नेहमी सुटते. फोनीत माणसं वाचली, पण नुकसानीचा आणि तोट्याचा सरकारी अंदाज २४,१७६ कोटी रुपयांचा होता. जीव वाचवणं आणि संसार वाचवणं या दोन वेगळ्या मोहिमा आहेत. पहिलीत ओडिशा जगाला शिकवू शकतं. दुसरीत सगळेच कच्चे.

इथे दूरवरच्या शहरांचा प्रश्न येतो. चंदीगडला खेटून मोहालीत नॉलेज सिटी आहे, आयसर आणि इतर संशोधन संस्थांचा परिसर. जवळात जवळचा समुद्र म्हटला तरी तो हजार किलोमीटरवर. समजा, तिथल्या वसतिगृहातल्या मुलांनी, त्यांत मराठी मुलंही असतील, पुरीसाठी कपडे आणि ब्लँकेटं गोळा केली. रस्त्याने अंतर सुमारे २,००० किलोमीटर, ट्रकला चार-पाच दिवस. पोचल्यावर उतरवणं, निवडणं, साठवणं आणि वाटणं यासाठी तिथलीच माणसं खपणार. २००४च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला भिजत पडले होते. मच्छिमार बायकांना कुणाचे तरी उसवलेले स्वेटर नको होते. कतरिनाच्या वेळी भारताने २५ टन सामान हवाई दलाच्या विमानाने १३ सप्टेंबर २००५ रोजी अमेरिकेत आर्कान्सामध्ये उतरवलं आणि सोबत अमेरिकन रेडक्रॉसला ५० लाख डॉलर दिले. विमानाचा फोटो छापून आला. उपयोगाच्या दृष्टीने ५० लाख डॉलरच मोठे होते, कारण पैशाला वाहतूक लागत नाही आणि तो देणाऱ्याच्या मापाचा शर्ट होऊन येत नाही. त्या मुलांनी पैसे पाठवावेत. आणि हवामानाचे नमुने, भरतीचे नकाशे यांवर काम करायची त्यांची जी खरी विद्या आहे, ती वादळ नसतानाच्या महिन्यांत द्यावी.

पैसा परदेशातून यायचा असेल तर आपल्याकडे एक कायदेशीर अडथळाही आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली, आणि परदेशातून आलेला पैसा एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला देण्यावर पूर्ण बंदी आली. वादळात याचा अर्थ असा, की मोठ्या संस्थेच्या खात्यात निधी पडून आहे, घटनास्थळी छोटी स्थानिक संस्था कामाला लागलेली आहे, पण पहिलीला दुसरीला पैसा देता येत नाही. मोठीने स्वतःची माणसं पाठवायची, म्हणजे पुन्हा पत्ता विचारण्यापासून सुरुवात. जानेवारी २०२४ मध्ये वर्ल्ड व्हिजन इंडियाची आणि एप्रिलमध्ये कासाची परदेशी देणग्यांची नोंदणी रद्द झाल्याच्या बातम्या आल्या.

ख्रिस्ती संस्था मदतीच्या आडून धर्मप्रसार करतात, हा संशय या सगळ्याच्या मुळाशी आहे आणि तो उडवून लावण्यात अर्थ नाही. टकरची फौज धर्मप्रसारासाठीच मुंबईत उतरली होती, तिने ते कधी लपवलंही नाही. पण १९९४ साली रेडक्रॉस आणि मोठ्या मदतसंस्थांनी मिळून आपत्तीतल्या वर्तनाची दहा कलमांची आचारसंहिता केली. मदत गरज बघून द्यायची, आणि कुठल्याही राजकीय वा धार्मिक मताच्या प्रसारासाठी ती वापरायची नाही, असं त्यात स्पष्ट आहे. कॅरितासची आंतरराष्ट्रीय संघटना ती तयार करणाऱ्यांत होती. संस्था कुठल्याही धर्माची असो, तिला या दहा कलमांवर मोजावं. पथकाच्या शर्टावर क्रूस आहे की ओम, यावरून ताटातला भात ओळखता येत नाही.

शेवटी कोकण. ३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर चढलं. वारे ताशी ११० ते १२० किलोमीटरचे. फोनीच्या तुलनेत बराच कमी जोर, आणि मृत्यूही त्या मानाने फार थोडे. त्यामुळे देशपातळीवर निसर्ग लवकर विसरलं गेलं. पण श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, दापोली, मंडणगड या भागात कौलं आणि सिमेंटचे पत्रे उडाले, ऐन पावसाच्या तोंडावर. कित्येक आठवडे वीज नव्हती. आणि टाळेबंदी चालू होती. कोकणात संकट आलं की धावून येणारी खरी यंत्रणा म्हणजे मुंबईतली गावमंडळं, परळ-लालबागपासून नालासोपाऱ्यापर्यंत पसरलेले चाकरमानी. अमेरिकेत जे काम चर्चचं सभागृह करतं ते इथे मंडळाच्या वर्गणीची वही करते. त्या जूनमध्ये ही माणसं घरात अडकून होती.

वाड्यांत तर पाऊल टाकायला जागा नव्हती. नारळ आडवा, त्याच्यावर सुपारी, तिच्यावर पुन्हा नारळ, मध्ये मिरीचे वेल गुंतलेले. तलाठी पंचनाम्याला आला तरी झाडं मोजायला आत शिरणार कसा? इथे हवी होती ती बॅप्टिस्टांच्या करवत पथकासारखी शिकलेली माणसं. पडलेला नारळ दुसऱ्या झाडावर ताणून बसलेला असतो, चुकीच्या ठिकाणी कापला तर उसळून अंगावर येतो. केंद्राच्या ‘आपदा मित्र’ योजनेत आधी ३० जिल्ह्यांत ६,००० आणि पुढे ३५० जिल्ह्यांत १ लाख स्वयंसेवक शिकवायचं ठरलं. सरासरी जिल्ह्याला २८६. पंधरा तालुक्यांच्या रायगडला ही सरासरी लावली तर तालुक्याला १९.

राज्य सरकारने रायगडला १०० कोटी, रत्नागिरीला ७५ कोटी, सिंधुदुर्गाला २५ कोटी तातडीने जाहीर केले. पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख आणि फळबागेला हेक्टरी ५०,००० अशी वाढीव मदत सांगितली. शिफारशीप्रमाणे पावणेतीन मीटरच्या आसपास अंतर ठेवलं तर हेक्टरात सुपारीची १,३७० झाडं बसतात. ५० हजारांना १,३७० ने भागलं की झाडामागे साडेछत्तीस रुपये येतात. नवी लागवड धरायला सहा-सात वर्षं. म्हणजे २०२०च्या पावसात लावलेली सुपारी २०२६-२७ला उत्पन्न दाखवायला लागणार.

त्यातही लावायला रोप हवं. सुपारीचं रोप बारा ते अठरा महिन्यांचं झाल्यावर वाडीत लावतात. जून २०२०च्या वादळानंतर त्याच पावसाळ्यात लावण्याजोगं रोप हवं असेल, तर त्याचं बी २०१९ सालीच कुठल्या तरी रोपवाटिकेत रुजलेलं असायला हवं होतं. कोकणात काम करू इच्छिणाऱ्या संस्थेने, चर्चची असो वा मंडळाची, पहिला खर्च ताडपत्र्यांवर करावा, त्याला हरकत नाही. दुसरा मात्र दर तालुक्यात दरवर्षी काही हजार रोपं वाढवणाऱ्या एखाद्या वाडीवाल्यावर करावा, आणि वादळ न आलेल्या वर्षी ती रोपं बाजारभावाने विकून टाकावीत.